फेटा नसलेला मराठा

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकाची छोटी मूर्ती रंगवायची म्हटलं की बहुतेक वेळा दोघंच भेटतात. एक दाढी-पगडीवाला शीख आणि दुसरा कमरेला खुकरी लावलेला गुरखा. दोघंही खरे, दोघांचाही पराक्रम निर्विवाद, माझी काही तक्रार नाही. मूर्तिकारांना ते का आवडतात हेही कळतं. काचेच्या कपाटात मागच्या रांगेत उभे केले तरी ओळखू येतात. मराठा पलटणीतल्या जवानाचं तसं नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीत लढणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईकाच्या डोक्यावर पसरट काठांचा ब्रिटिश लोखंडी टोप आहे. अंगात खाकी सुती शर्ट, खांद्या-कमरेवर १९३७ च्या नमुन्याचे जाड विणीचे पट्टे, पायांत काळे बूट. हेच सगळं यॉर्कशायरच्या शिपायाच्या अंगावरही आहे. मग हा मराठा कशावरून?

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला, आणि विचारताना बहुतेकांकडे उत्तरही तयार होतं. फेटा बांध की त्याला. फेटा नको तर टोपावर लाल-हिरवा तुरा लाव, रेजिमेंटचाच आहे. तेही नको? मग पायाशी एखादा भगवा तरी रोव. सगळे सल्ले प्रेमापोटी दिलेले, आणि सगळे नाकारण्यासारखे. हल्ल्याला निघालेल्या माणसाच्या लोखंडी टोपावर परेडचा तुरा नसतो. ऐतिहासिक मूर्ती रंगवण्यातलं निम्मं कसब हात आखडता घेण्यात आहे असं माझं मत होत चाललंय. मनातलं चित्र मूर्तीवर चढवण्याचा मोह प्रत्येक टप्प्यावर होतो, आणि आपल्या माणसाची मूर्ती असेल तर तो दुप्पट होतो.

या कामाला लोक रंगापासून सुरुवात करतात. मी तारखेपासून करतो. ‘दुसऱ्या महायुद्धातला मराठा सैनिक’ असा कुणी नव्हताच. १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर चढणारा वेगळा, १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीतली सेनिओ नदी ओलांडणारा वेगळा. कापड वेगळं, हत्यार वेगळं, धुळीचा रंग वेगळा. तारीख आणि जागा ठरली की शंभर प्रश्न आपोआप गळतात आणि जे दहा उरतात त्यांना उत्तरं शोधता येतात. मी तारीख घेतली १० जुलै १९४४ आणि जागा मध्य इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं.

ही तारीख काही जणांना माहीत असेल. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनच्या एका कंपनीने त्या दिवशी जर्मनांच्या भक्कम मोर्चावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे यांची सेक्शन, म्हणजे कंपनीतली छोटी तुकडी, अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला, उभे राहिले एकटे घाडगे. ते थांबले नाहीत. धावत जाऊन त्यांनी आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमीगनने, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगनने, आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच दणक्यांनी संपवलं. त्यानंतर जर्मन नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. मृतदेह सापडला नाही, त्यांचं नाव इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. मूळचे ते माणगावकडचे, आताच्या रायगड जिल्ह्यातले, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत मोन्तोने या गावी २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं. युद्धस्मारक म्हणून सूर्यघड्याळ ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून आली त्याला माझा नमस्कार.

टॉमीगनचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. ती मिनिटाला सहाशे-सातशे गोळ्या झाडते. मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस. म्हणजे घोडा दाबून धरला तर तिसांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं, विसांचं दोनात. ‘मॅगझिन बदलायला वेळ नव्हता’ हे वाक्य वाचताना आपण मनात जो काळ धरतो त्यापेक्षा हे सगळं फार कमी वेळात घडलेलं असणार.

आता प्रश्न असा, की हाच क्षण मूर्तीत घ्यायचा का? बंदूक नळीकडून धरलेली, दोन्ही हात डोक्यावर, तोंड उघडं. नाट्य भरपूर. मी तो घेतला नाही. तो क्षण जवळून पाहिलेले फार थोडे असणार, आणि मी त्या माणसाला जो चेहरा देईन तो माझ्या कल्पनेतला असेल. कल्पनेतल्या चेहऱ्याखाली खऱ्या माणसाचं नाव लिहायला माझा हात धजावला नाही. म्हणून माझा नाईक घाडगे नाही. तो त्याच बटालियनचा, त्याच आठवड्यातला, कुणीही एक सेक्शन कमांडर आहे. हल्ल्याआधी एका हातात टॉमीगन धरून दुसऱ्या हाताने मॅगझिन काढून ते किती भरलंय ते बघतोय.

अशी मूर्ती तयार मिळत नाही. मी घेतली ती ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीतल्या शिपायाची, पंच्याहत्तर मिलिमीटरची, राळेच्या ओतकामातली, म्हणजे ज्याला आम्ही सगळे रेझिन म्हणतो. अर्धी चड्डी, बाह्या दुमडलेल्या, अंगावर सगळे पट्टे. उत्तम कोरीवकाम. मी तिचं डोकं बदललं, हात कापून नवीन पवित्र्यात बसवले, आणि तरीही काहीतरी खटकत राहिलं. कपड्यात खोट नव्हती. पट्टे, पाऊच, पाण्याची बाटली, सगळं जिथल्या तिथे. खटकत होता तो सांगाडा. पंच्याहत्तर मिलिमीटरची मूर्ती साधारण चोविसास एक या प्रमाणात असते. पंच्याहत्तर गुणिले चोवीस म्हणजे अठराशे मिलिमीटर, एक मीटर ऐंशी, सहा फुटांच्या जवळ. रंग कितीही तपकिरी लावा, माझा गडी इंग्लंडच्या एखाद्या क्रिकेट संघातला वेगवान गोलंदाज दिसत होता.

कोकणातल्या किंवा मावळातल्या शेतकऱ्याचा त्या पिढीतला मुलगा सहसा एवढा उंच नव्हता. पाच फूट पाच इंच धरले तर या प्रमाणात एकोणसत्तर मिलिमीटर होतात. म्हणजे सहा मिलिमीटर कमी करायचे. कुठून? डोकं तर लहान करून चालत नाही. धड थोडंसंच. बाकीचं पायांतून, आणि तेही मांडीपेक्षा नडगीतून. इथे अर्ध्या चड्डीने उपकार केले. गुडघ्याखाली लोकरी मोज्याची दुमड असते, तिच्या बरोबर खाली बारीक करवत चालवली, तुकडा काढला, तांब्याची तार घालून पुन्हा जोडलं आणि सांधा पुटीने मोज्याच्या विणीत लपवला. वर चड्डीचे पाय थोडे लांब केले.

पाय आखूड झाले आणि गंमत बघा, अंगावरच्या सगळ्या वस्तू एकदम मोठ्या झाल्या. टॉमीगन तेवढीच राहिली, लांबीला छत्तीसेक मिलिमीटर, पण आता ती माणसाच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त दिसू लागली. छातीवरचे दोन पाऊच जवळजवळ काखेत गेले. टोपाचे काठ खांद्यांच्या रुंदीशी स्पर्धा करू लागले. सगळं सामान दुसऱ्या कुणाच्या मापाने शिवलंय आणि हा ते तक्रार न करता वागवतोय, हे रंगाचा एक थेंब लागायच्या आधी दिसू लागलं. ‘हा मराठा कशावरून’ याचं पहिलं उत्तर मला करवतीने दिलं.

दुसरं उत्तर एका काकांनी दिलं. ते मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बेळगावच्या सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात, घडलेले. मूर्ती तेव्हा राखाडी प्रायमरमध्ये होती, म्हणजे रंगाचा आधार नव्हता, नुसता आकार. त्यांनी ती हातात घेतली नाही. चष्मा वर करून, मान खाली घालून चारी बाजूंनी पाहिली.

“पोटऱ्या कुठायत याच्या?”

“आहेत की काका. हे काय.”

“अरे, या पोटऱ्या ऑफिसात बसणाऱ्याच्या. लाइट इन्फन्ट्री आहे ना ही? यांचं चालणं बघितलंस का कधी? पाय आखूड केलेस ते बरोबर केलंस, पण चालून चालून पोटरी दगडासारखी होते. गुडघ्याच्या खालीच गाठ येते. ती दाखव.”

मग त्यांनी पट्ट्यांकडे मोर्चा वळवला. कमरेच्या पट्ट्याचं टोक मूर्तिकाराने झोकात बाहेर लोंबतं ठेवलं होतं. “हे आत खोचलेलं असणार. लोंबतं टोक काट्याकुट्यात अडकतं. आणि नाईक आहे हा. याचंच लोंबत असेल तर याच्या पोरांना हा काय सांगणार?” जाताना पुन्हा वळून म्हणाले, “गणपत आहे रे हा. नीट कर.” सैन्यात मराठ्याला प्रेमाने गणपत म्हणतात, तो गणपत. मिलिपुट नावाच्या पुटीची बारीक वळी करून मी पोटऱ्या भरल्या आणि टोक खोचलं.

आता रंग. आणि रंगाच्या आधी अंतर. ही गोष्ट नवशिक्यांना सांगितली की ते मान डोलावतात आणि विसरून जातात. चोविसास एक प्रमाणातली मूर्ती आपण तीस सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे खऱ्या माणसाला सात मीटरवरून बघतो. सात मीटरवरून शर्टाचं बटण दिसतं, बटणाची भोकं दिसत नाहीत. डोळे दिसतात, डोळ्यातलं पांढरं फारसं दिसत नाही, त्यात पुन्हा माणूस उन्हात डोळे बारीक करून उभा. त्यामुळे शुद्ध पांढऱ्याचे दोन ठिपके ठेवून त्यात काळी बाहुली काढली की मूर्ती दचकल्यासारखी दिसते. अंतराने रंगही बदलतो. हवा मध्ये आली की गडद रंग थोडा उजळतो, भडक रंग थोडा विझतो. म्हणून खऱ्या कापडाचा तुकडा आणून त्याच्याशी तंतोतंत जुळणारा रंग मूर्तीला लावला तर तो जड आणि काळवंडलेला दिसतो. जे बरोबर आहे ते बरोबर दिसायला हवं असेल तर थोडं उजळ करावं लागतं. अचूकतेच्या नावाने रंगाच्या बाटल्यांचे नंबर पाठ करणाऱ्या मंडळींना हे पटत नाही. मी वाद घालत नाही.

खाकीचा इतिहास आपल्याच उपखंडातला. १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर हॅरी लम्सडेनच्या गाइड्स पलटणीने मळकट रंगाचे कपडे वापरायला सुरुवात केली आणि पुढे अर्ध्या जगाच्या सैन्यांनी तोच रंग घेतला. पण एकच एक खाकी असा रंग कधीच नव्हता. उन्हाळी गणवेशाचं कापड, खाकी ड्रिल, नवं असताना पिवळसर वाळूचं असतं. ऊन, घाम आणि साबण यांनी ते विटत जातं आणि शेवटी खांद्यावर आणि पाठीवर जवळजवळ हाडाच्या रंगाचं होतं. शर्ट एका मिलचा, चड्डी दुसऱ्या, शर्ट चारदा धुतलेला, चड्डी चाळीसदा. एकाच माणसाच्या अंगावर दोन वेगळ्या खाक्या असणं हाच नियम समजावा. माझ्या नाईकाची चड्डी मी शर्टापेक्षा फिकी आणि किंचित गुलाबीकडे झुकणारी ठेवली. शिवणींच्या आत, खिशाच्या झाकणाखाली आणि जिथे बाही दुमडली आहे तिथे मूळ रंग राहतो. दुमडीची आतली कड एक छटा गडद केली. कुणाच्या लक्षात येईल असं मला वाटत नाही, पण मला ती माहीत आहे.

जुन्या छायाचित्रांतून रंग कळत नाही, तरी बरंच काही कळतं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली होती. तिच्यात डोळ्याला जे उजळ ते साधारण उजळच येतं. पहिल्या महायुद्धातली बरीच छायाचित्रं ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरची. तिला लाल रंग दिसतच नाही, तो काळा येतो, आणि निळं आकाश पांढरंफटक पडतं. म्हणून १९१६ च्या फोटोवरून पट्टी लाल होती की काळी यावर रात्री जागवणाऱ्यांनी आधी फिल्म कुठली होती ते विचारावं. १९४४ च्या फोटोत मी रंग शोधत नाही, नातं शोधतो. शर्टापेक्षा पट्टे गडद आहेत की फिके? टोप चेहऱ्यापेक्षा गडद की फिका? ही नाती जुळली की मूर्तीचा काळा-पांढरा फोटो काढायचा आणि जुन्या फोटोशेजारी ठेवायचा. फोनवर दोन सेकंदांचं काम.

पट्ट्यांवर ब्लँको लावत. पिकरिंग नावाच्या इंग्लिश कंपनीची ती वडी, पाण्यात ओली करून ब्रशने घासायची. युद्धकाळात सर्रास चालणारी छटा खाकी-हिरवी, तिसऱ्या नंबरची. छावणीत परेडसाठी पट्टे एकसारखे हिरवट दिसत, मोहिमेवर मात्र ती भुकटी घासून जाई आणि खालचं कापड डोकवायचं. कडांवर, पितळी कड्यांच्या भोवती आणि बंदुकीचा पट्टा जिथे घासतो तिथे आधी. पितळाला मी सोनेरी रंग लावत नाही. काळपट तपकिरीवर पिवळसर छटेची एखादी कड, बस. हल्ली मूर्ती इतक्या झिजलेल्या आणि मळलेल्या रंगवतात की हा माणूस युद्धावर आला की खाणीतून, असा प्रश्न पडावा. नाईकाचे पट्टे झिजलेले असतील, पण तो त्यांची काळजी घेणारा माणूस आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कातडीवर. त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे या छंदाची आंधळी बाजू उघडी पडते. रंगांच्या संचात ‘फ्लेश’ लिहिलेली बाटली असते आणि ती गुलाबी असते. सावलीसाठी लालसर बाटली, उजेडासाठी आणखी फिकी बाटली. एवढ्यात युरोपातला कुणीही रंगवून होतो. तपकिरी कातडीसाठी पुष्कळ जण चॉकलेटी रंग सपाट लावतात, वर पांढरं मिसळून उजेड देतात, आणि चेहऱ्यावर खडूची भुकटी उडाल्यासारखं दिसतं. तपकिरीत पांढरं घातलं की ऊब जाते आणि राखाडीपणा येतो. उजेडाकडे जायचं तर गेरूतून, पिवळ्या मातीतून, किंचित नारिंगीतून जावं लागतं.

मी बर्न्ट सिएना आणि थोडा बर्न्ट अंबर, हे दोन मातकट तपकिरी रंग घेऊन पाया धरला. सावल्यांना काळा अजिबात नाही. जबड्याखाली आणि टोपाच्या सावलीत निळसर जांभळा, पातळ, एकावर एक. गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर पिवळी माती आणि नारिंगी. ओठ वेगळे ‘रंगवायचे’ नाहीत. वरचा गडद, खालचा किंचित जांभळट, त्यावर उजेडाची एक रेघ. गडद कातडी गोऱ्या कातडीपेक्षा आकाश जास्त दाखवते, घामेजलेली असेल तर आणखी. म्हणून कपाळावर आणि नाकाच्या दांड्यावर अगदी शेवटी थंड, निळसर राखाडीचा एक बारीक स्पर्श दिला. हा ठिपका पडला आणि तोवर मातीचा वाटणारा चेहरा ओला झाला. तळहाताची आतली बाजू फिकी, बोटांच्या सांध्यांवर गडद. गुडघे मांडीपेक्षा काळे, कारण गुडघ्यावर माणूस रांगतो, टेकतो, खरचटतो. मिशी केस-केस काढायची नाही. आधी वरच्या ओठावर पातळ सावली, मग त्यात दोन-चार गडद फटकारे.

आणखी एक छटा मी घातली, जी मला आधी सुचली नसती. इटलीत मलेरिया जोरात होता आणि मित्रफौजांना मेपॅक्रिनच्या गोळ्या देत. त्या गोळ्या घेणाऱ्यांच्या कातडीला पिवळी झाक येई. गोऱ्या शिपायाचा चेहरा पिवळा पडलेला सहज दिसत असणार, तपकिरीवर तो ओळखणं अवघड. पातळ केलेल्या पिवळ्याचा एक हात मी दंडाच्या आतल्या बाजूला आणि मानेखाली फिरवला. उजेडात धरली तरच कळतं.

यात एक पेच होता, त्याने बरेच दिवस छळलं. गोऱ्या मूर्तीत चेहरा हा सगळ्यात उजळ भाग असतो, त्यामुळे बघणाऱ्याची नजर आपोआप तिथे जाते. माझ्या मूर्तीत सगळ्यात उजळ होता शर्ट. नजर सरळ छातीवर जायची, पाऊचवर रेंगाळायची आणि चेहरा टोपाखाली हरवायचा. सोपा उपाय म्हणजे चेहरा दोन छटा उजळ करणे. तो मोह म्हणजे फेट्याचाच सख्खा भाऊ. मूर्ती छान दिसावी म्हणून माणूस गोरा करायचा! त्याऐवजी शर्ट खाली आणला. काखेत, छातीच्या मध्यभागी आणि पट्ट्यांच्या कडेने घामाचे डाग ओढले, जुलैचा महिना असल्याने ते हक्काचेच. सुती कापड भिजलं की पुष्कळ गडद होतं. कॉलर उघडी ठेवली आणि तिची आतली उजळ कड हनुवटीच्या सावलीला अगदी भिडवली. शर्टातला सगळ्यात फिका भाग आता चेहऱ्याच्या लगत आहे आणि चेहरा त्याच्यासमोर उठून दिसतो. मान जराशी वळवून टोप एवढाच मागे सरकवला की उजेड नाकापर्यंत पोचेल.

टॉमीगनबद्दल थोडक्यात. गोल डबीसारखं मॅगझिन सिनेमातल्या गुंडांना शोभतं. ते खडखडतं, जड असतं आणि भरायला कटकटीचं, म्हणून लढणाऱ्या पायदळाने सरळ मॅगझिनं पसंत केली. पोलाद चंदेरी रंगवायचं नाही. निळसर काळा, आणि हाताळून घासलेल्या कडांवर फक्त करड्याची पुसट रेघ. लाकडावर घामाचा तेलकटपणा, तिथे थोडं चकचकीत व्हार्निश, बाकी सगळी मूर्ती मॅट.

तळासाठी खोऱ्यातल्या टेकडीचा उतार केला: वाळलेलं गवत, फिकट दगड, ओकची दोन सुकी पानं. झेंडा नाही, पडकं चर्चही नाही. बुटांवरची धूळ आणि तळाची माती एकाच मिश्रणातून घेतली, नाहीतर माणूस एका देशात आणि पाय दुसऱ्या देशात असं होतं.

पाटीवर काय लिहायचं यावर मी अडलो होतो. ‘मराठा वीर’ ही सूचना आली होती, अर्थातच. शेवटी लिहिलं: ‘नाईक, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, टायबरचं वरचं खोरं, जुलै १९४४’. या बटालियनची पुढची वाटचाल पाटीवर मावत नाही, ती तोंडी सांगतो. स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा म्हणून ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलला आकाशातून उतरली. सत्तावीस वर्षांत इटलीच्या टेकड्यांपासून टांगाइलपर्यंत. ऐकणारा मग मूर्तीकडे पुन्हा वाकून बघतो. फेट्याचा विषय तोवर मागे पडलेला असतो.

पुढची मूर्ती सेनिओ नदीवरची, एप्रिल १९४५. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिलला तिथे जखमींना उचलून पाणी ओलांडलं आणि मग मशीनगनचे मोर्चे एकट्याने बंद पाडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते तो घ्यायला जिवंत राहिले. तिथला माझा माणूस कंपनीतला कुणीही असेल. पण कापड आता लोकरीचं, बॅटलड्रेसचं, आणि ते कमरेपर्यंत पाण्यात भिजलेलं. सुती खाकी भिजली की गडद होते एवढं मला जमतं. भिजलेली लोकर जड होऊन कशी लोंबते, चिखल तिच्या लवेत कसा बसतो आणि वाळताना कुठून आधी फिका पडतो, यासाठी सध्या एका जुन्या ब्लँकेटचा तुकडा बादलीत बुडवून दोरीवर टाकलाय आणि दर तासाने त्याचे फोटो काढतोय.